नायट्रिक ऑक्साइड झाडांची एन्झाइमं मारतो? एक खुलासा

गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड झाडांची एन्झाइमं (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) ‘मारून टाकतो’, हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धवट खरा आहे, म्हणूनच चिवट.

मुळात हा वायू झाड स्वतःही बनवतं. नायट्रेट रिडक्टेज हे नत्र पचवणारं एन्झाइम नायट्राइटपासून तो थोडा थोडा तयार करतं. (हसवणारा वायू तो वेगळा, नायट्रस ऑक्साइड.)

कॅटालेज या हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात हीम नावाची रचना असते आणि त्यात लोहाचा अणू. नायट्रिक ऑक्साइड त्या लोहाला चिकटला की काम मंदावतं. लाकूड तयार होताना लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ) जोडणारी पेरॉक्सिडेज एन्झाइमंही हीमवालीच. श्वसनातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज असंच अडतं, पण झाडांकडे पर्यायी ऑक्सिडेज नावाची आडवाट असते. तिला हा वायू फारसा रोखत नाही. शिवाय तो प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकावर बसून एन्झाइमचा वेग बदलतो, आणि हा बदल उलटवता येतो. याला ‘मारणं’ कसं म्हणायचं? मात्रा फार वाढली तर इजा होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

प्रयोगांचे आकडे मात्र जपून वाचावेत. कलमांवर किंवा पानांवर अनेकदा नायट्रिक ऑक्साइड सोडणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रसायन वापरतात. ते उजेडात सायनाइडही सोडतं, आणि सायनाइड स्वतःच हीमवाल्या एन्झाइमांना अडवतं. नायट्रिक ऑक्साइड टिपून घेणारं सीपीटीआयओ घातल्यावर परिणाम पुसला जातो का, हे न तपासता काढलेला निष्कर्ष मी तरी मानत नाही.