फॉरफिट सामने आणि हायस्कूल फुटबॉलची क्रमवारी

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, एखादा संघ मैदानात उतरलाच नाही, खेळ अर्धवट सोडून गेला किंवा त्याने अपात्र खेळाडू खेळवल्याचे मागाहून उघड झाले, तर तो सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला जातो. यालाच फॉरफिट म्हणतात. नियमित हंगाम जेमतेम नऊ-दहा सामन्यांचा असतो. शेकडो शाळा एकमेकींशी कधीच खेळत नाहीत, म्हणून अनेक राज्यांत बाद फेरीतील जागा गणिती सूत्राने ठरतात. अशा सूत्रात एका सामन्याची नोंद बदलली, की तो सामना न खेळलेल्या शाळांचेही क्रमांक हलतात.

नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्सच्या नियमांनुसार फॉरफिटचा गुणफलक १–० असा लिहिला जातो. सामना मध्येच थांबला आणि निर्दोष संघ आघाडीवर असेल, तर फलकावरचे गुण कायम राहतात. खेळ सुरू करायला ११ खेळाडू लागतात. पुढे दुखापतीमुळे किंवा कोणी बाहेर काढला गेल्यामुळे संख्या घटली आणि बदली खेळाडू उरले नाहीत, तर कमी खेळाडूंनिशी खेळता येते. तरीही लहान शाळा बहुधा आधीच माघार घेतात. पुढच्या फळीतले चार-पाच दणकट खेळाडू जायबंदी झाले, की नवख्या मुलांना त्या जागी उभे करणे धोक्याचे असते. अशी माघार घेणाऱ्या प्रशिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. मागाहून लागणाऱ्या फॉरफिटची कारणे निराळी: चुकीचा निवासी पत्ता, शाळाबदलाची अपुरी कागदपत्रे, वयोमर्यादा, नापास विषय, किंवा आधीच्या सामन्यातून हाकललेल्या खेळाडूला बंदीच्या आठवड्यात उतरवणे. यात एकच सामना जातो असे नाही. तो खेळाडू ज्या ज्या सामन्यात उतरला, ते सगळे विजय जाऊ शकतात.

फॉरफिट, रद्द सामना आणि विजय काढून घेणे या तीन गोष्टींची सतत गल्लत होते. फॉरफिटमध्ये एकाला विजय आणि दुसऱ्याला पराभव मिळतो. रद्द सामन्यात कोणालाच काही मिळत नाही आणि सामन्यांची संख्याही एकाने कमी धरली जाते. विजय काढून घेतला, तर दोषी संघाचा विजय पुसला जातो, पण हरलेल्याचा पराभव तसाच राहतो. क्वचित दुहेरी फॉरफिटही होतो. मैदानावर मारामारी झाली आणि दोन्ही संघ दोषी ठरले, तर दोघांच्या खाती पराभव लागतो आणि राज्यातल्या एकूण विजयांची व पराभवांची बेरीज जुळेनाशी होते. कोणतेही सूत्र तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात: हा सामना भाजकात धरला आहे का, आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद मोजताना त्याची कोणती नोंद घेतली आहे.

ओहायोत १९७२ पासून बाद फेरीसाठी वापरली जाणारी हार्बिन पद्धत या दृष्टीने फार बोलकी आहे. जॅक हार्बिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत किती फरकाने जिंकले याला किंमत नाही. आपण ज्या शाळेला हरवले तिच्या आकारावर ठरणाऱ्या गटाप्रमाणे पहिल्या पातळीचे गुण मिळतात. शाळा जितक्या मोठ्या गटातली, तितके गुण जास्त, आणि लगतच्या दोन गटांत अर्ध्या गुणाचा फरक असतो. आपण हरवलेल्या संघांनी हंगामात ज्यांना हरवले, त्यांचे गुण ही आपली दुसरी पातळी. पहिल्या पातळीच्या बेरजेला स्वतःच्या सामन्यांनी भागायचे, दुसऱ्या पातळीच्या बेरजेला सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या एकूण सामन्यांनी भागून दहाने गुणायचे आणि दोन्ही सरासरी मिळवायच्या.

समजा, एका शाळेचे नऊ सामने झाले, पहिल्या पातळीची बेरीज ३६ आणि दुसरीची १२६ आहे, आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी दहा सामने खेळला आहे. तिची सरासरी ४.० अधिक १४.० म्हणजे १८.० होते. दहावा प्रतिस्पर्धी ४.५ गुणांचा, पण हंगामभर एकही सामना न जिंकलेला. तो खेळाडूंअभावी माघार घेतो. हा सामना विजय म्हणून धरला, तर पहिली सरासरी ४०.५ भागिले १०, म्हणजे ४.०५ होते. दुसऱ्या पातळीत मात्र भर शून्य पडते आणि भाजक ९० वरून १०० वर जातो, म्हणून ती १२.६ वर येते. एकूण १६.६५. तोच सामना रद्द धरला, तर १८.० कायम. फुकटात मिळालेल्या विजयाने या शाळेचे १.३५ गुण गेले, आणि जागा दशांशांवर ठरत असताना एवढी घसरण संघाला बाद फेरीबाहेर ठेवायला पुरते. म्हणूनच ऐनवेळी सामना गेला, की क्रीडासंचालक फॉरफिट पदरात पाडून घेण्याऐवजी त्याच शुक्रवारसाठी दुसरा प्रतिस्पर्धी शोधायला धावतात.

आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स) पद्धतीत हिशेब वेगळा लागतो. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९८१ ते २०१८ या काळात वापरलेल्या या सूत्रात स्वतःच्या विजयाचे प्रमाण २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांचे ५० टक्के आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे २५ टक्के धरले जाई. कोलोरॅडो, केंटकी अशा राज्यांनी हायस्कूलसाठी ते घेतले, पण टक्केवारी आपापली ठरवली. प्रतिस्पर्ध्याचे प्रमाण काढताना त्याचा आपल्याशी झालेला सामना वगळतात. त्यामुळे तेवढा एकच सामना उलटला, तर आपल्या दृष्टीने प्रतिस्पर्ध्याची ताकद तशीच राहते आणि आपला निव्वळ फायदा होतो. पण प्रतिस्पर्ध्याचे सगळेच विजय गेले, तर? दहा सामन्यांत ६–४ असलेल्या संघाकडून आपण हरलो होतो असे धरू. त्याचे सहाही विजय काढून प्रतिस्पर्ध्यांना दिले. आपल्याला एक विजय वाढला: ०.१ गुणिले ०.२५, म्हणजे ०.०२५ ची कमाई. आपला सामना वगळून तो संघ ५–४ होता, म्हणजे ०.५५६, आता ०–९, म्हणजे शून्य. दहा प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीत हा फटका ०.०५५६ चा, आणि ५० टक्क्यांनी ०.०२७८ चा. वजाबाकी केली, की न्याय मिळालेला संघ ०.००२८ ने खाली येतो. आपले इतर प्रतिस्पर्धीही त्या संघाकडून हरलेले असतील, तर त्यांचे विजय वाढून ही तूट भरून निघते. एकाच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे नेहमी आपसांत खेळणाऱ्या गटातल्या, शाळांना त्यामुळे कमी झळ लागते, बाहेरून येऊन खेळलेल्या शाळेला जास्त.

इलिनॉयमध्ये नऊ सामन्यांपैकी पाच विजय हा अनेक वर्षे पात्रतेचा उंबरठा राहिला, आणि विजय समान असलेल्या संघांचा क्रम प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या बेरजेवर लागत आला. तिथे मागाहून मिळालेला पाचवा विजय संघाला पात्र ठरवतो, पण दोषी प्रतिस्पर्ध्याचे विजय पुसले गेल्याने त्याच संघाची बेरीज घटते.

गुणफरक मोजणाऱ्या संगणकीय क्रमवारीत १–० ही नोंद घातकच ठरते. ४० गुणांनी जिंकण्याची अपेक्षा असलेला संघ एकाच गुणाने जिंकला, असा अर्थ यंत्र लावते आणि त्याची ताकद खाली ओढते. न खेळलेला सामना अशा गणनेतून पूर्ण वगळावा. मागाहून बहाल झालेल्या सामन्यात मैदानावरचा खरा गुणफलक ठेवणेच योग्य, कारण संघ किती बलवान आहे हे त्या रात्रीच्या खेळातूनच कळते. गुणतक्त्यात बहाल केलेला निकाल आणि ताकद मोजताना खेळलेला निकाल अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या, तर वरच्या उदाहरणातली ०.५५६ ची ताकद शून्य होत नाही, आणि ज्या मुलांनी काहीच चूक केली नाही त्यांचे नुकसान टळते.

प्रत्यक्षात सर्वाधिक गोंधळ नोंद करताना होतो. कोणी फॉरफिटऐवजी ०–० भरतो आणि यंत्र बरोबरी धरते. कोणी फक्त आपल्या पानावर निकाल बदलतो, प्रतिस्पर्ध्याच्या पानावर जुनाच राहतो. रद्द झालेला मूळ सामना वेळापत्रकातून न काढताच बदली सामना भरला, तर भाजक एकाने फुगतो. दुरुस्ती करताना दोन शाळांचे आकडे बदलून भागत नाही. आधी सर्व संघांचे विजय-पराभव नव्याने लावायचे, मग प्रतिस्पर्ध्यांची प्रमाणे, मग त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची, या क्रमाने राज्याचा सगळा तक्ता पुन्हा काढावा लागतो.

वेळेचाही प्रश्न असतो. बाद फेरीच्या जोड्या जाहीर होण्यापूर्वी निर्णय आला, तर तो सूत्रात शिरतो. जाहीर झाल्यावर आला, तर सहसा जोड्या नव्याने लावल्या जात नाहीत. दोषी संघ बाहेर जातो आणि त्याच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याला न खेळताच पुढे चाल मिळते, किंवा आधीच्या फेरीत हरलेल्या संघाला परत बोलावले जाते. यांपैकी काय करायचे, हे प्रत्येक राज्याची संघटना आपल्या नियमांनुसार ठरवते.