धूळ साचली की पेस्ट वाळली?

एप्रिलमध्ये आमच्या पुण्यातल्या आनंदनगरच्या इमारतीत एकाच आठवड्यात दोन डेस्कटॉप आजारी पडले. एक माझा, दुसरा खालच्या मजल्यावरच्या काकांचा. तक्रार तीच: पंखा ओरडतो, मग सगळं संथ होतं, कधी कधी आपोआप बंद पडतं.

माझा मी दुकानात नेला. उघडण्याआधीच "पेस्ट वाळलीय" म्हणाले, म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामध्ये लावतात ती. पेस्ट बदलली, पैसे घेतले, आणि घरी आणल्यावर दुपारी पुन्हा तेच. शेवटी मीच कूलरवरचा पंखा सोडवला. खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीचा थर जुन्या गादीतल्या कापसासारखा बसला होता. चिमटीत धरला तर अख्खा सलग निघाला. सिंहगड रोडच्या उड्डाणपुलाचं काम चाललं होतं तेव्हापासूनची धूळ, आणि तिला स्वयंपाकघरातल्या फोडणीचा चिकटपणा.

हे दोन बिघाड बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणून गल्लत होते. प्रोसेसरची उष्णता आधी त्याच्या झाकणातून हीटसिंकमध्ये, म्हणजे कूलरच्या पट्ट्यांच्या धातूच्या ठोकळ्यात, चढते आणि मग हीटसिंकच्या पट्ट्यांवरून पंख्याच्या वाऱ्याबरोबर निघून जाते. पेस्टचं काम पहिल्या टप्प्यावर. झाकण आणि हीटसिंक कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक खाचा राहतातच. त्यात हवा राहिली तर उष्णता अडते, कारण हवेपेक्षा पेस्ट शंभरपटीहून अधिक चांगली उष्णता वाहून नेते. धूळ अडवते ती दुसरा टप्पा.

त्यामुळे तापण्याची तऱ्हा वेगळी होते, आणि ती पाहता येते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते चालू ठेवून एखादा जड गेम किंवा व्हिडिओचं रेंडरिंग सुरू करा. पेस्टचा दोष असेल तर तापमानाचा आकडा काही सेकंदांत ४५ अंश सेल्सियसवरून ९५ च्या पुढे उडी मारतो आणि काम थांबवताच तितक्याच झटक्यात उतरतो. धूळ असेल तर तो मिनिटामिनिटाने चढत जातो आणि काम थांबवल्यावरही सावकाश उतरतो, कारण आता अख्खा हीटसिंकच तापलेला असतो.

मग बंद करून, प्लग काढून, हीटसिंकच्या पट्ट्यांना जपून बोट लावा. प्रोसेसर शंभरीला टेकला होता आणि हीटसिंक मात्र कोमट? उष्णता वर चढलेलीच नाही. चुलीवरून पातेलं उचलून धरलं तर जाळ कितीही मोठा असो, पातेलं कोमटच राहणार. हीटसिंक चटका देत असेल तर धूळ शोधा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून चालवल्यावर आकडा बराच खाली आला, तर पुढची जाळीसुद्धा तुंबलेली असू शकते.

उन्हाळ्याचा हिशेबही धरायला हवा. खोली जानेवारीपेक्षा १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. त्यात धुळीचा किंवा पेस्टचा दोष नाही.

धूळ काढायला गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी मदरबोर्डाजवळ नेऊ नका, तिच्यावर स्थिर वीज साठते. पुण्यात रस्त्यालगत राहणाऱ्याने तीन-चार महिन्यांतून एकदा एवढं करावंच. पेस्ट मात्र दरवर्षी बदलण्याची गोष्ट नाही, चांगली पेस्ट अनेक वर्षं टिकते. फक्त कूलर एकदा उचलला की जुनी पुसून नवी लावायलाच हवी. आणि एएमडी कंपनीचा एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) रायझन प्रोसेसर असेल तर आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटबाहेर येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात.

काकांच्या मशीनमध्ये धूळ जवळपास नव्हतीच. आकडा मात्र पाच सेकंदांत ९८ वर, आणि हीटसिंक कोमट. "अहो काका, हा कूलर कधी काढला होता का?" विचारलं, तर दिवाळीच्या साफसफाईत काढून परत बसवला होता म्हणाले. बॅटरी मारून पाहिलं: कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक बोर्डात नीट बसलीच नव्हती, कूलर एका कोपऱ्यातून किंचित उचलला गेला होता. जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, चारही खुंट्या 'टक्' वाजेपर्यंत दाबल्या. तेच काम पुन्हा चालवलं, आकडा ७१ वर थांबला.