युरोपच्या संशोधन धोरणात नागरी संघटना कशा आल्या

युरोपीय संघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने 16 जुलै 2025 रोजी 2028 ते 2034 या काळातील संशोधन कार्यक्रमासाठी 175 अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. एवढी मोठी रक्कम कोणत्या विषयांवर खर्च व्हावी, हे ठरवताना शास्त्रज्ञ, उद्योजक आणि सरकारी अधिकारी यांच्याशिवाय आणखी कोणाला विचारायचे, हा प्रश्न युरोपात नवा नाही. रुग्णसंघटना, पर्यावरणवादी गट, ग्राहकसंस्था, धार्मिक संघटना आणि नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्था गेली चाळीसहून अधिक वर्षे तो वेगवेगळ्या मार्गांनी विचारत आल्या आहेत. त्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर आयोगाने सन्मानाने बोलावलेल्यांपेक्षा स्वतःचे बळ घेऊन आलेल्यांनी, मग ते बळ पैशाचे असो, कायद्याचे असो किंवा संसदेतल्या मतांचे, धोरणावर अधिक ठसा उमटवलेला दिसतो.

युरोपीय समुदायाचे (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाचे) संशोधन धोरण आकाराला आले ते उद्योगांच्या गरजेतून. अमेरिका आणि जपान यांच्यापुढे युरोपचा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग मागे पडत असल्याची चिंता 1980 च्या सुमारास वाढली, तेव्हा उद्योग खात्याचे आयुक्त एतिएन दाविन्यों यांनी सीमेन्स, फिलिप्स, ऑलिव्हेत्ती, बुल, प्लेसी अशा बारा मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना चर्चेला बोलावले. त्या चर्चांतून 'एस्प्रिट' हा माहिती-तंत्रज्ञानाचा कार्यक्रम उभा राहिला आणि 1984 मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी समुदायाने 75 कोटी एकू (युरोपूर्वीचे हिशेबी चलन) मंजूर केले. तेवढीच रक्कम उद्योगांनी घालायची होती. त्याच वर्षी पहिला आराखडा कार्यक्रम, म्हणजे समुदायाच्या संशोधन निधीची बहुवार्षिक योजना, सुरू झाला, आणि 1987 मध्ये अमलात आलेल्या एकल युरोपीय कायद्याने संशोधनाला करारात्मक आधार देताना उद्योगाची स्पर्धाक्षमता वाढवणे हा हेतू उघडपणे नमूद केला. कामगार संघटना किंवा ग्राहकसंस्था यांना या रचनेत जागा नव्हती, आणि त्या वेळी त्यात कोणाला फारसे वावगेही वाटले नाही.

वेगळा विचार सदस्य देशांत मात्र आधीच सुरू झाला होता. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत 1970 च्या दशकात विद्यार्थी आणि तरुण अध्यापकांनी 'विज्ञान दुकाने' काढली. परिसरातील रहिवाशांच्या समित्या, कामगार गट किंवा पर्यावरण संघटना आपला प्रश्न घेऊन तिथे येत आणि विद्यापीठातले कोणीतरी तो संशोधनाचा विषय म्हणून हाती घेई. अटी साधारणपणे तीन असत: विचारणाऱ्याकडे संशोधनासाठी पैसे नसावेत, त्याचा हेतू व्यापारी नसावा, आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग करण्याची क्षमता त्याच्याकडे असावी. यातली तिसरी अट सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण तिच्यामुळे अहवाल कपाटात पडून राहण्याची शक्यता कमी होई.

डेन्मार्कने दुसरा मार्ग धरला. तिथल्या संसदेने 1980 च्या दशकाच्या मध्यावर तंत्रज्ञान मंडळ स्थापन केले आणि 1987 मध्ये या मंडळाने उद्योग व शेतीतील जनुक-तंत्रज्ञानावर पहिली सहमती परिषद भरवली. पुढे या परिषदांची एक पद्धतच पडून गेली. पंधराएक सामान्य नागरिकांचा गट निवडायचा, त्यांनी दोन शनिवार-रविवार विषय समजून घेऊन स्वतःचे प्रश्न तयार करायचे, मग काही दिवस तज्ज्ञांची जाहीर उलटतपासणी घ्यायची आणि शेवटी स्वतः लिहिलेला निवेदनवजा अहवाल लोकप्रतिनिधी व पत्रकार यांच्यासमोर वाचून दाखवायचा. तज्ज्ञांना त्यातली वस्तुस्थितीची चूक दुरुस्त करता येई, निष्कर्ष बदलता येत नसे. पहिल्या परिषदेनंतर डॅनिश संसदेने जैवतंत्रज्ञान कार्यक्रमातून प्राण्यांच्या जनुकीय बदलांवरील प्रकल्पांना पैसा न देण्याचा निर्णय घेतला. नागरिकांच्या शिफारशीचा संशोधनाच्या निधीवर इतका थेट परिणाम युरोपात नंतर क्वचितच दिसला. मंडळाचे सरकारी अनुदान 2010 नंतर थांबले आणि त्याचे रूपांतर एका स्वतंत्र प्रतिष्ठानात झाले.

ब्रुसेल्सच्या पातळीवर पहिला खरा धक्का बसला तो 1988-89 मध्ये. आयोगाने मानवी जनुकसंचाच्या संशोधनाचा एक कार्यक्रम 'भाकीतात्मक वैद्यक' या नावाने मांडला होता. कोणाला कोणता आजार होण्याची शक्यता आहे हे आधीच ओळखून संबंधितांना जपायचे आणि शक्य तिथे तो पुढच्या पिढीकडे जाऊ द्यायचा नाही, असा त्यामागचा सूर होता. नाझी काळातील वंशशुद्धीच्या धोरणांची आठवण ताजी असलेल्या जर्मनीत या भाषेने काहूर माजले. युरोपीय संसदेत या प्रस्तावाचे प्रतिवेदक, म्हणजे संसदेसाठी त्यावर अहवाल तयार करणारे सदस्य, होते जर्मन ग्रीन पक्षाचे बेनेडिक्ट हेर्लिन. त्यांच्या अहवालाने प्रस्तावात मोठे बदल सुचवले आणि जर्मनीतल्या जनुक-तंत्रज्ञानविरोधी चळवळीचा आवाज प्रथमच संसदीय दुरुस्त्यांच्या रूपात आयोगापुढे ठेवला. संशोधन आयुक्त फिलिप्पो पांडोल्फी यांनी प्रस्ताव काही काळ थांबवून नव्याने आणला. जून 1990 मध्ये कार्यक्रम मंजूर झाला तेव्हा त्याचे नाव बदललेले होते, पुढच्या पिढ्यांत उतरणाऱ्या जनुकीय बदलांवरील संशोधन वगळलेले होते आणि निधीचा काही भाग नैतिक व सामाजिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी राखून ठेवलेला होता. ही राखीव तरतूद नंतरच्या कार्यक्रमांत कायम झाली. हेर्लिन पुढे ग्रीनपीसमध्ये गेले.

याच काळात फ्रान्समध्ये एका संघटनेने हा सारा व्यवहारच उलटा फिरवला. स्नायूंच्या आनुवंशिक आजारांनी ग्रस्त मुलांच्या पालकांनी 1958 मध्ये स्थापन केलेली ही संघटना जवळजवळ तीन दशके मदत आणि जनजागृतीपुरतीच मर्यादित होती. डिसेंबर 1987 मध्ये तिने दूरचित्रवाणीवर 'टेलेथॉन' हा तीस तासांचा निधिसंकलनाचा कार्यक्रम केला आणि पहिल्याच वर्षी 18 कोटी फ्रँकहून अधिक रक्कम जमली. त्या पैशातून 1990 मध्ये पॅरिसजवळच्या एव्री या गावी 'जेनेथॉन' ही प्रयोगशाळा उभी राहिली. एखाद्या कारखान्यासारखी यंत्रांची रांग लावून काम करणाऱ्या या प्रयोगशाळेने मानवी जनुकसंचाचे सुरुवातीचे नकाशे तयार केले, 1992 मध्ये ते प्रसिद्ध होऊ लागले आणि जगभरच्या संशोधकांना खुले झाले. विशेष असे की, संघटनेने केवळ आपल्या मुलांच्या आजारावर पैसा लावला नाही. सर्वच आनुवंशिक आजारांना उपयोगी पडेल असे पायाभूत काम आधी व्हायला हवे, हा निर्णय पालकांच्या कार्यकारिणीने घेतला. सरकारी संशोधन मंडळांनाही इतका दूरचा विचार नेहमी जमतो असे नाही.

या अनुभवातूनच 1997 मध्ये 'युरोर्डिस' ही दुर्मीळ आजारांच्या रुग्णांची युरोपीय संघटना निघाली. तिच्या चार संस्थापकांत टेलेथॉनवाली संघटना होती, तशी एड्सग्रस्तांसाठी लढणारी 'एड' ही फ्रेंच संस्थाही होती. एड्सच्या चळवळीतल्या रुग्णांनी औषधचाचण्यांचे आराखडे समजून घेऊन डॉक्टरांशी बरोबरीने वाद घालण्याची सवय लावून घेतली होती, आणि ती सवय इथे उपयोगी पडली. डिसेंबर 1999 मध्ये मंजूर झालेल्या 'अनाथ औषधां'च्या (दुर्मीळ आजारांवरील औषधांच्या) नियमावलीने दहा हजारांत पाचपेक्षा अधिक लोकांना न होणाऱ्या आजारांवरील औषधांना दहा वर्षांची बाजारपेठीय मक्तेदारी दिली. त्याच नियमावलीने औषधांना हा दर्जा देणाऱ्या समितीत रुग्णसंघटनांचे तीन पूर्ण सदस्य घेतले, मतदानाच्या अधिकारासह. युरोपच्या औषध नियामक संस्थेत असे प्रथमच घडत होते. मक्तेदारीच्या या तरतुदीमुळे औषधांच्या किमती अवाच्या सव्वा झाल्या, ही टीका पुढे झाली आणि ती निराधार नाही. रुग्णसंघटना आणि औषधकंपन्या यांचे हित इथे एका बाजूला पडले होते.

आयोगाने स्वतःहून दार उघडले ते संकटामुळे. ब्रिटिश सरकारने 20 मार्च 1996 रोजी 'मॅड काऊ' आजार आणि माणसांतील एका जीवघेण्या मेंदूविकाराचा संबंध असू शकतो, अशी कबुली दिली. त्याआधी अनेक वर्षे तज्ज्ञ समित्यांचा हवाला देऊन गोमांस सुरक्षित असल्याचे सांगितले गेले होते. पाठोपाठ जनुकीय बदल केलेल्या पिकांवरून वाद पेटला आणि 1998 नंतर अशा नव्या पिकांना मंजुरी देणे युरोपात व्यवहारतः थांबले. विज्ञानावरचा लोकांचा विश्वास परत मिळवायचा, या हेतूने डिसेंबर 2001 मध्ये आयोगाने विज्ञान आणि समाज यांच्याविषयीचा 38 कलमी कृती आराखडा जाहीर केला. त्यातून सहाव्या आराखडा कार्यक्रमात या विषयाला सुमारे 8 कोटी युरो, सातव्यात 33 कोटी आणि त्यानंतरच्या 'होरायझन 2020' या कार्यक्रमात 46 कोटी 20 लाख युरो मिळाले. आकडे वाढले, पण 'होरायझन 2020' चा एकूण निधी सुमारे 77 अब्ज युरोंचा होता हे लक्षात घेतले, तर हजार युरोंमागे सहा युरो एवढाच हा वाटा होता.

तरी सातव्या कार्यक्रमातील एका तरतुदीची नोंद घ्यायला हवी. नागरी संघटनांनी प्रश्न मांडायचा आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधन संस्थांना काम द्यायचे, अशा प्रकल्पांसाठी स्वतंत्र अर्ज मागवले गेले. विज्ञान दुकानांची मूळ कल्पनाच इथे युरोपीय पातळीवर आली होती. फ्रान्समध्ये 2002 साली स्थापन झालेल्या 'सियाँस सितोयेन' या नागरिक-विज्ञान प्रतिष्ठानाने तिचा आग्रह धरला होता. देशातील पहिल्या परीक्षानळी बाळाच्या जन्मामागील शास्त्रज्ञांपैकी एक असलेले आणि नंतर त्याच तंत्रज्ञानाच्या दिशेविषयी शंका घेणारे झाक तेस्तार या प्रतिष्ठानाचे अध्यक्ष होते. पॅरिसच्या परिसरातील प्रादेशिक सरकारने 2005 मध्ये अशाच भागीदारीसाठी निधी सुरू केला होता.

मुख्य विषयांच्या निधीवाटपात मात्र चित्र फारसे बदलले नाही. सुरक्षा संशोधनाची दिशा 2003-04 मध्ये एका मान्यवर गटाने ठरवली, त्यात मोठ्या शस्त्रास्त्र कंपन्यांचे प्रमुख होते. नागरी स्वातंत्र्याच्या संघटनांना स्थान नव्हते. लंडनच्या 'स्टेटवॉच' या संस्थेने हे कागदपत्रांनिशी पुढे आणले, तरी कार्यक्रम तसाच चालू राहिला. पुढे सीमेवर प्रवाशांच्या चेहऱ्यावरून ते खोटे बोलतात का हे ताडू पाहणाऱ्या एका प्रकल्पाची कागदपत्रे मिळवण्यासाठी जर्मनीच्या पायरेट पक्षाचे पॅट्रिक ब्रायर यांना न्यायालयात जावे लागले आणि 2021 मध्ये त्यांना अंशतः यश मिळाले.

नागरी समाज म्हणजे एकाच बाजूचा आवाज, हा समजही याच काळात मोडला. भ्रूणाच्या मूलपेशींवर आधारलेल्या एका एकस्वाला (पेटंटला) ग्रीनपीसने आव्हान दिले आणि 2011 मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा शोधांना एकस्व नाकारले. त्यानंतर कॅथलिक वर्तुळांतून उभ्या राहिलेल्या 'वन ऑफ अस' या नागरिक पुढाकाराने भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला युरोपीय पैसा देऊ नये यासाठी 17 लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. अशा पुढाकारासाठी असलेली दहा लाख सह्यांची अट पूर्ण झाल्यामुळे आयोगाला उत्तर देणे भाग होते. ते मे 2014 मध्ये आले, नकाराचे. प्रकरण न्यायालयात गेले आणि 2019 मध्ये अंतिम निकालही आयोगाच्या बाजूने लागला. प्राण्यांवरील प्रयोग बंद करण्यासाठी 11 लाखांवर सह्या जमवणाऱ्या दुसऱ्या पुढाकारालाही 2015 मध्ये नकारच मिळाला. रुग्णसंघटना या दोन्ही मागण्यांच्या विरोधात होत्या, हे सांगायलाच हवे.

सर्वांत कटू प्रसंग 2014 मधला. आयोगाच्या मुख्य विज्ञान सल्लागार, स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन ग्लोव्हर यांनी जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या बाजूने जाहीर मते मांडली होती. ग्रीनपीससह काही संघटनांनी जुलैमध्ये आयोगाचे नियोजित अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांना पत्र लिहून हे पदच रद्द करण्याची मागणी केली: एकाच व्यक्तीकडे, बंद दाराआड, इतका सल्लाधिकार असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांच्या संघटनांनी उलट पत्रे पाठवली. वर्षअखेरीस पद गेले आणि 2015 मध्ये त्याऐवजी सात जणांचा सल्लागार गट आला. संघटनांचा मुद्दा रचनेपुरता योग्य होता, पण न पटणारा सल्ला देणाऱ्या व्यक्तीला हटवण्यासाठी तो वापरला गेल्याचा समज शास्त्रज्ञांत पसरला आणि त्याची किंमत या संघटनांना नंतर मोजावी लागली.

2021 मध्ये सुरू झालेल्या 95.5 अब्ज युरोंच्या 'होरायझन युरोप' मध्ये विज्ञान आणि समाज यांच्यासाठीचा स्वतंत्र कार्यक्रम उरला नाही. नागरिकांचा सहभाग सगळ्याच विषयांत मुरवायचा आहे, असे आयोगाने सांगितले. कर्करोग, हवामानाशी जुळवून घेणे, समुद्र व जलसाठे, शहरे आणि माती या पाच 'मोहिमां'मध्ये तसा प्रयत्न झालाही. पण औषधसंशोधनातील सर्वांत मोठी भागीदारी पाहिली, तर तिच्या 2.4 अब्ज युरोंपैकी निम्मे सार्वजनिक निधीतून येतात आणि नियामक मंडळावर आयोगासमोर बसतात ते औषध, वैद्यकीय उपकरणे व जैवतंत्रज्ञान उद्योगांच्या संघटनांचे प्रतिनिधी. रुग्णसंघटनांची भूमिका तिथे सल्ला देण्यापुरती आहे.