सागरी प्राण्यांशी टक्कर टाळणे (विंडसर्फिंग व फॉइलिंग)

वाऱ्याच्या जोरावर फळीवर उभे राहून समुद्रात वेगाने जाणाऱ्या खेळाडूची देवमासा, डॉल्फिन, सील, कासव, शार्क अशा प्राण्यांशी धडक होऊ नये म्हणून घ्यायची काळजी. वारा पकडायचे साधन खेळागणिक वेगळे असते : विंडसर्फिंगमध्ये फळीवर बसवलेले शीड, काइटमध्ये दोऱ्यांवरचा पतंग, विंग फॉइलिंगमध्ये हातात धरलेली हवा भरलेली विंग. काळजीचे स्वरूप मात्र तिन्हींत जवळपास एकच. त्यात कायद्याने ठरवलेली अंतरे येतात, पाण्यावरच्या खुणा ओळखण्याची सवय येते आणि फळी हाताळण्याचे कसबही येते. खेळाडू आपापसांत बोलतात ते बहुधा या कसबाविषयी. पण टक्कर टाळण्यात त्याचाच वाटा सर्वांत कमी. प्राणी दिसल्यावर वळून निसटावे एवढा अवधी क्वचितच मिळतो. कोणत्या ऋतूत, कोणत्या पाण्यात आणि किती वेगाने जायचे हे किनाऱ्यावर ठरते आणि बहुतेक टकरी तिथेच टळतात.

फॉइलमुळे पडलेला फरक : साध्या विंडसर्फिंगच्या फळीखाली फक्त एक फिन (माशाच्या परासारखी उभी पाती) असते, साधारण २० ते ५० सेंमी. लांबीची. फळी पाण्याला घासत, लाटांवर आपटत जाते आणि त्याचा आवाज पाण्याखाली पोहोचतो. फॉइलच्या फळीखाली उभा मास्ट (दांडा) असतो. त्याची लांबी सुमारे ७० सेंमी. ते १ मी., शर्यतीच्या फॉइलमध्ये त्याहून थोडी अधिकच. मास्टच्या टोकाला विमानाच्या सांगाड्यासारखी रचना असते, पुढे मोठा पंख आणि मागे लहान; मास्ट व पंख मिळून फॉइल. पुरेसा वेग आला की या पंखांमुळे उचल मिळून फळी पाण्याबाहेर येते आणि पाण्यात राहतात ते केवळ मास्टचा खालचा भाग व पंख. घर्षण एकदम घटते. मंद वाऱ्यातही चांगला वेग मिळतो आणि आवाज जवळजवळ थांबतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील शिडाच्या शर्यती मार्सेय येथे झाल्या. त्यांत आयक्यूफॉइल हा विंडसर्फिंगचा प्रकार आणि फॉर्म्युला काइट हे दोन्ही फॉइलवरचे प्रकार पहिल्यांदाच खेळले गेले. तोपर्यंत हौशी खेळाडूंमध्येही फॉइल रुळले होते.

प्राण्यांच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी बदलल्या. पूर्वी मंद वाऱ्याच्या दिवशी मोकळे राहणारे पाणी आता मोकळे राहत नाही. धोका पृष्ठभागाखाली जवळजवळ मीटरभर उतरला, म्हणजे श्वास घेऊन नुकताच बुडी मारलेला प्राणीही त्याच्या वाटेत येतो. आणि तिसरी, सर्वांत अवघड गोष्ट अशी की हा धोका ऐकू येत नाही.

वेगाचे गणित : २० नॉट म्हणजे ताशी ३७ किमी., सेकंदाला सुमारे १० मी. शर्यतीतले खेळाडू याहून बरेच जलद जातात. ३० मी. वर कासवाचे डोके दिसले तर हातात तीन सेकंद असतात. त्यातला एकाहून अधिक सेकंद ‘ते काय आहे’ हे कळण्यात आणि काय करायचे ते ठरवण्यात जातो. उरलेल्या वेळात वजन सरकवून, शीड सैल सोडून फॉइल खाली आणायचे असते. एवढ्यात कासवाने बुडी मारली, तर ते कोणत्या दिशेला गेले हेही कळत नाही.

खेळाडू, फळी व शीड मिळून १०० किलो वजन सेकंदाला १० मी. वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ५,००० जूल होते. मोठ्या जहाजापुढे ती नगण्य आहे आणि पूर्ण वाढलेल्या देवमाशाला या धडकेने ठार होण्याची भीती फारशी नसते. पण जहाजाचा आघात पसरलेला असतो, फॉइलचा नसतो. कार्बन तंतूंच्या मास्टची जाडी दीड-दोन सेंमी. असते, पंखांच्या कडा त्याहून पातळ. त्यामुळे कासवाचे कवच, सीलची पाठ किंवा देवमाशाच्या पिलाची कातडी चिरली जाऊ शकते. खेळाडूची गतही बरी नसते. फॉइल अडकताच फळी जागीच थांबते आणि तो पुढे फेकला जातो, कित्येकदा स्वतःच्याच मास्टवर किंवा पंखांवर. हेल्मेट आणि आघात झेलणारे जाकीट फॉइलिंगमध्ये सर्रास वापरले जाते, त्यामागचे एक कारण हे आहे.

प्राणी बाजूला का होत नाहीत : ‘ते आपोआप सरकतात’ हा समज डॉल्फिन पाहून झालेला असावा. डॉल्फिनला प्रतिध्वनीवरून पुढची वस्तू ताडता येते, तो चपळ असतो आणि बहुधा सहज वाट देतो. हंपबॅक किंवा ग्रे व्हेल यांसारख्या दात नसलेल्या देवमाशांना ही शक्ती नाही. त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू येतो. वाऱ्यावर चालणारे फॉइल जवळ येईपर्यंत कळेलच असे नाही. शिवाय देवमासा पृष्ठभागावर ओंडक्यासारखा निश्चल पडून विसावा घेतो. अशा वेळी लाटांमध्ये त्याच्या पाठीचा अगदी थोडा भाग दिसतो.

कासव श्वासासाठी वर येते ते काही सेकंदांपुरते. वाऱ्याने खवळलेल्या पाण्यात ते मुठीएवढे डोके दिसणे हा नशिबाचा भाग. मोला किंवा सनफिश हा महाकाय मासा ऊन खात पाण्यावर आडवा पडतो आणि त्याचा हलणारा पर अनेकांना शार्कचा वाटतो. त्याचे वजन एका टनाहून अधिक असू शकते, आणि फॉइलवर वेगाने आलेल्यासाठी तो पाण्यातला खडकच ठरतो. बास्किंग शार्क तोंड उघडे ठेवून पृष्ठभागालगत प्लवक गाळत संथ पोहतो. मॅनाटी आणि डुगाँग उथळ पाण्यातल्या समुद्री गवतावर चरतात. फ्लोरिडातील मॅनाटींच्या पाठीवर नौकांनी केलेल्या जखमांचे वण इतके सर्रास आढळतात की अभ्यासक त्यांवरून एकेक प्राणी ओळखतात. कॅलिफोर्नियातील समुद्री पाणमांजरे केल्प या शेवाळाच्या पट्ट्यात घोळक्याने विसावतात. केल्पमध्ये फॉइल तसेही अडकतेच, तेव्हा तो पट्टा टाळल्याने दोन्ही प्रश्न सुटतात.

पाण्यावरच्या खुणा : देवमाशाचा फवारा ही सर्वांत ओळखीची खूण, पण जोराचा वारा तो लगेच विखरून टाकतो आणि पांढऱ्या फेसात तो हरवतो. त्याहून उपयोगी, तरी कमी लोकांना माहीत असलेली खूण म्हणजे देवमाशाचा ‘पाऊलठसा’. शेपटीच्या फटकाऱ्याने वर ढकललेले पाणी पृष्ठभागावर पसरते आणि सभोवती वाऱ्याने सुरकुतलेल्या पाण्यात एक गुळगुळीत, तेलकट दिसणारा गोल तयार होतो. तो काही काळ टिकतो. असे गोल ओळीने दिसले तर प्राणी पृष्ठभागालगत पोहतो आहे आणि त्या ओळीच्या पुढे कुठेतरी आहे. शेपटी उंच उचलून बुडी मारली असेल तर मात्र हंपबॅक दहा-पंधरा मिनिटेही खाली राहू शकतो. २० नॉटने जाणारा खेळाडू दहा मिनिटांत ६ किमी. कापतो, तेव्हा तिथे घुटमळत राहण्यापेक्षा पलीकडच्या पाण्यात निघून जाणे शहाणपणाचे. पिलू सोबत असेल तर हा हिशेब चालत नाही. पिलाला वारंवार वर यावे लागते आणि आई त्याच्या आसपास असतेच.

सूर मारणाऱ्या गॅनेटसारख्या पक्ष्यांचा थवा म्हणजे खाली माशांचा घोळका, आणि घोळक्यामागे डॉल्फिन, शार्क, देवमासे. पर्यटकांची नौका विनाकारण थांबलेली दिसली तर तिचे कारण बहुधा पाण्यात असते. खेळाडूची नजर मात्र नेहमी मोकळी नसते. शीड किंवा विंग वाऱ्याखालची (वारा जिकडे वाहतो ती) बाजू झाकते. विंगमध्ये पारदर्शक खिडकी असली तरी तिच्यावर पाणी आणि मीठ बसते. उन्हाच्या तिरिपीतून सरळ जाताना पुढचे काही दिसत नाही. अशा वेळी थोडे नागमोडी जाणे किंवा वेग कमी करणे एवढेच हातात असते.

समोर प्राणी दिसल्यावर : पहिली कृती वळण्याची नव्हे, वेग घालवण्याची. विंग किंवा शीड सैल सोडायचे, वजन हळूहळू पुढच्या पायावर आणायचे, फळी पाण्यावर टेकवायची. वेगात घेतलेले तीव्र वळण बिघडले की खेळाडू नेमका प्राण्याच्या अंगावर पडतो आणि त्याच्यामागून फॉइल येते. वळायला जागा असेल तर प्राण्याच्या मागून जायचे. त्याच्या पुढून कधीच नाही. कळप दोन भागांत तोडून मधून जाणे, किंवा आई आणि पिलू यांच्यामध्ये शिरणे, हा सर्वांत वाईट पर्याय. चहूबाजूंनी प्राणी असतील तर फळीवर बसून ते जाईपर्यंत थांबावे. या बसण्यातही फॉइल मीटरभर खाली लोंबत असते, हे विसरले जाते.

सगळी खबरदारी घेऊनही प्राणीच येऊन धडकू शकतो. २०२३ मध्ये सिडनीच्या उत्तरेकडील मोना वेल किनाऱ्यालगत पाण्याबाहेर उसळलेला हंपबॅक एका विंग फॉइलरवर पडला आणि फळीला बांधलेल्या दोरीमुळे तो खेळाडू खाली ओढला गेला. तो वाचला. या घटनेतून दिसते की फळीची दोरी झटक्यात सुटेल अशा पट्ट्याला हवी आणि ती सोडण्याचा सराव पाण्यात केलेला हवा.

अंतरांचे नियम : हवाईत हंपबॅकपासून ९१ मी. (१०० यार्ड) दूर राहणे बंधनकारक आहे. देवमाशाच्या वाटेत आधीच जाऊन थांबायचे आणि त्याला जवळ येऊ द्यायचे, ही पळवाटही त्या नियमाने बंद केली आहे. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला देवमाशांचा मोसम. तिथल्या माउई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वाऱ्यासोबत लांब पल्ल्याचे फॉइलिंग करणारेही याच पाण्यात असतात, आणि विंडसर्फिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या होओकिपाच्या वाळूवर हिरवी कासवे विसाव्याला येतात. उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेलसाठी अमेरिकेतील अंतर ४५७ मी. (५०० यार्ड) आहे, कारण ती जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत देवमाशापासून १०० मी. व डॉल्फिनपासून ५० मी. अंतर सांगितले आहे. न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांनुसार पिलू सोबत असलेल्या देवमाशापासून नौकेने २०० मी. दूर राहायचे असते. हे आकडे प्रामुख्याने इंजिनाच्या नौका डोळ्यांसमोर ठेवून ठरवले गेले. १०० मी. म्हणजे फॉइलवर दहा सेकंद. किमान अंतराला पुरेसे अंतर समजणे इथे महागात पडते.

न्यूझीलंडमधील लिटलटन बंदरात मार्च २०२४ मध्ये सेलजीपी या फॉइलवरच्या मोठ्या नौकांच्या स्पर्धेत शर्यतीच्या पाण्यात हेक्टर डॉल्फिन दिसला आणि पहिल्या दिवसाच्या शर्यती रद्द झाल्या. फक्त न्यूझीलंडमध्ये आढळणारा हा डॉल्फिन जेमतेम दीड मीटर लांबीचा असतो. निर्णयावर तक्रारीचा सूर निघाला, पण निर्णय योग्यच होता : त्या नौका सेकंदाला २० मी. हून अधिक वेग घेतात, आणि त्या वेगात सुकाणूवरच्या माणसाला डॉल्फिन चुकवता येईल असे मानण्याला काही आधार नाही.

टक्कर झाल्यास : आधी स्वतःची जखम तपासावी, पातळ कडेने झालेला काप थंड पाण्यात जाणवत नाही. प्राण्याचा पाठलाग करू नये, त्याला फळीने ढकलू नये किंवा हात लावू नये. जागा, वेळ, प्राण्याची जात व दिसलेली जखम लक्षात ठेवून स्थानिक वन्यजीव बचाव यंत्रणेला किंवा तटरक्षक दलाला कळवावे. धडकेनंतर फॉइल धड दिसले तरी मास्टच्या मुळाशी आणि स्क्रूंच्या भोवती तडे शोधावेत, कारण तिथली तडकलेली जोडणी पुढच्या खेपेला भर वेगात निखळू शकते.