फाईलमधून साधा मजकूर काढणे
वर्ड, लिब्रेऑफिस असल्या एडिटरात केलेल्या फाईलमधून फॉन्ट, रंग, ठळकपणा, समास सगळं सोडून फक्त अक्षरं बाहेर काढायची, म्हणजे सर्च किंवा हिशोबाचा प्रोग्राम ती वाचू शकेल, या कामाला साधा मजकूर काढणे म्हणतात.

वर्ड २००७ पासूनची डॉक्सएक्स फाईल ही खरं तर झिप, म्हणजे अनेक फाईली दाबून बांधलेलं गाठोडं असते. उघडली की वर्ड नावाच्या फोल्डरात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल (खुणा घातलेली मजकुराची फाईल) सापडते, मजकूर तिच्यात. लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाईलीत हेच काम कंटेंट डॉट एक्सएमएल करते. जुनी डॉक फाईल बायनरी, म्हणजे थेट वाचता न येणारी, तिच्या नादी न लागता लिब्रेऑफिसच्या कमांडने बदलून घ्यावी, पॅनडॉक (फाईलींचे फॉरमॅट बदलणारा प्रोग्राम) तिला हात लावत नाही.

वर्ड एकाच शब्दाचे आतमध्ये तुकडे करून ठेवतो, कोणी मागाहून अर्धा शब्द दुरुस्त केला तरी, आणि प्रोग्रामने ते तुकडे स्पेस टाकून जोडले की सीताबर्डीचं 'सीता बर्डी' होतं, मग शोधत बसा. ट्रॅक चेंजेस, म्हणजे वर्डची दुरुस्त्यांची नोंद ठेवणारी सोय, चालू असेल तर खोडलेला मजकूरही आत पडून असतो, सरसकट सगळं उचललं तर करारातली कापलेली रक्कम परत हजर. नागपूरच्या कळमना मार्केटच्या भावाचा तक्ता असला तर प्रत्येक घर वेगळ्या ओळीवर येतं आणि कोणता भाव संत्र्याचा न कोणता मोसंबीचा कळत नाही, म्हणून रांगेतली घरं टॅबने जोडायची.

पण नागपुरात खरी डोकेदुखी फॉरमॅटची नाही, फॉन्टची आहे. बर्डी, महालातल्या डीटीपीवाल्यांकडून (छपाईची पानं लावणाऱ्यांकडून) आलेली जुनी फाईल बहुतेक कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात असते. कृतिदेवमध्ये 'नागपूर' दिसतं तिथे फाईलीत इंग्रजी अक्षरं असतात, यू के एक्स आय डब्ल्यू जे, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो! साधा मजकूर काढला की कपडे उतरले, आणि गंमत म्हणजे प्रोग्राम एरर पण देत नाही, काम झालं म्हणतो. मीही एकदा असंच दोनेकशे फाईलींचं काम करून मोकळा झालो होतो, उघडून पाहिलं तर एकही मराठी अक्षर नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणताना नुसती अदलाबदल पुरत नाही. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवतात. रफार उलटा, 'वर्धा'तला रफार कृतिदेवात 'धा' झाल्यावर येतो, युनिकोडला र आणि हलन्त 'ध'च्या आधी पाहिजे. शिवाय त्याच ओळीत टाईम्स न्यू रोमनमध्ये ईमेल लिहिलेला असला तर कन्व्हर्टर त्याचंही मराठी करून टाकतो, ते वाचून हसू येतं पण पत्ता जातो. त्यामुळे कोणता तुकडा कोणत्या फॉन्टात आहे ते पाहून आधी बदलायचं, फॉन्टचं नाव त्यानंतरच फेकायचं. सेव्ह करताना युटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा, नाहीतर नोटपॅडच्या अ‍ॅन्सी या जुन्या पद्धतीत सगळी प्रश्नचिन्हं.