खाऊच्या पैशातला दशांश आणि शापाची भीती

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती घरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मुलाच्या हातात दहा रुपये आले की एक रुपया, म्हणजे दशांश, चर्चला गेलाच पाहिजे, नाहीतर घराला शाप. आधार म्हणून बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखी या पुस्तकाचा तिसरा अध्याय दाखवतात.

शापाचा उल्लेख तिथे आहे, पण तो सगळ्या इस्राएल राष्ट्राला उद्देशून. इस्राएलच्या नियमशास्त्रातला दशांश धान्य, द्राक्षारस, तेल आणि कळपातलं दहावं जनावर असा होता (जुन्या करारातल्या ‘लेवीय’ पुस्तकाचा अध्याय २७ आणि ‘अनुवाद’ पुस्तकाचा अध्याय १४). तो लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाला मिळे, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवत; त्यावर लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा जेवत. म्हणजे पोरं तिथे दिसतात ती घेणाऱ्यांत! प्रेषित पौल तर नव्या करारातल्या २ करिंथ ९:७ मध्ये स्पष्ट सांगतो की, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा बळजबरीनं नाही.

दहावा हिस्सा बाजूला काढायची सवय लावायला हरकत नाही. धाक नको. आणि चर्चच्या दारात आई घाईघाईनं मुठीत नाणं कोंबते, पोरगं ते थैलीत टाकतं, त्यात त्याचं स्वतःचं काय गेलं? किती द्यायचं ते शनिवारी रात्री त्यालाच ठरवू द्या. परसातली चार वांगी कापणीच्या सणाला नेली तरी चालेल. दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टातलं बचत खातंही त्याला स्वतःच्या सहीनं चालवता येतं.