कापसाच्या ढिगावरचा उजेड

दिवाळीनंतर आमच्या यवतमाळकडच्या गावांत पुढच्या खोलीत कापूस भरलेला असतो, भाव येईपर्यंत. खिडकी एकच, हातभर. तरी त्या दिवसांत पार कवेलूखालचं आढं दिसतं, कारण खिडकीतलं ऊन ढिगावर पडतं आणि कापूस ते खोलीभर उधळतो. कापूस विकला की खोली पुन्हा अंधारी. संगणकावर काढलेल्या चित्रांत असा उधळलेला उजेड यायला १९८४ उजाडलं.

त्याआधीचे चित्रांतले दिवे नुसते कामचलाऊ. बिनचमक पृष्ठभागावर किरण जितका तिरपा तितका उजेड कमी, हे लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० मध्येच मांडलं होतं. संगणकाने तेवढं उचललं. १९७५ मध्ये फाँग या संगणक-संशोधकाने त्यावर चकाकीचा ठिपका बसवला. दिव्याच्या ताकदीला एकक नव्हतं, नुसता आकडा: १, नाहीतर २. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव व्हावा, हा नियमही बरेचदा बाजूला ठेवत. कोपरे काळे पडले की सगळीकडे सरसकट थोडा उजेड मिसळायचा, भाजीत अंदाजाने मीठ टाकतात तसा.

कॉर्नेल विद्यापीठातल्या गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटाइल यांनी उष्णतेचं गणित प्रकाशाला लावलं. तापलेल्या भिंती एकमेकींना उष्णता देतात, तसाच उजेडही देतात. त्यांच्या चित्रात रंगीत भिंतीची झाक शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उतरली. म्हणजे आमचा कापूसच! १९८६ मध्ये काजिया या संशोधकाने उजेडाचा सगळा व्यवहार एका समीकरणात बांधला, पण ते सोडवायला तेव्हाची यंत्रं तोकडी होती. म्हणून जुने दिवे पुढे बरीच वर्षं चालले.

ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि २०११ मध्ये त्यात उजेडाचा हिशोब करणारं सायकल्स आलं तेव्हा हे गणित साध्या घरच्या संगणकावर उतरलं. आता सूर्याची ताकद दर चौरस मीटरला किती वॅट अशी भरायची.

मात्र दिवे खरे झाले की कॅमेराही खऱ्यासारखा वापरावा लागतो. उजेड लक्समध्ये मोजतात; भर दुपारचं ऊन सुमारे १ लाख लक्स. मेणबत्तीचा उजेड मीटरभरावर जेमतेम १. मी ब्लेंडरमध्ये अंगणात मे महिन्याचं ऊन आणि ओसरीवर पेटता कंदील असं दृश्य मांडलं. अंगण नीट दिसावं तर कंदील विझल्यासारखा, कंदील दिसावा तर अंगण पांढरंफटक. दोन दिवस आकडे बदलत बसलो. आईने मागून डोकावून विचारलं, "भर दुपारी कंदील कायले लावला बाप्पा?"